वाढप्यांची यादी

पाँटगारू
२३ ऑक्टोबर १९९६

प्रिय आयवरमामा,

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं रचता, म्हणून लिहितेय. मागच्या वेळी मी म्हटलं होतं की माझी बदली होणार नाही, आणि तुम्ही आईला सांगितलंत मेलेरीचं लग्न होणार नाही. दोन्ही खरं आहे, पण मी एकच सांगितलं होतं.

काल मंगळवार, म्हणजे आमच्या अर्धवेळ पलटणीच्या कवायतीची संध्याकाळ. दुपारी नगरपालिकेच्या आरोग्य-तपासणीच्या कामावर होते. बाजारातलं एक चिप्सचं दुकान बंद करून आले. कढईमागे उंदराच्या लेंड्या. मालक ओरडला, मग रडला, पण माझी सही झाल्यावर त्यानं मुकाट्यानं शटर ओढलं. संध्याकाळी साडेसातला गणवेश चढवला, खांद्यावर कॅप्टनचे तारे लावले, आणि तीच वही, तोच थर्मामीटर घेऊन आपल्या ड्रिल हॉलच्या स्वयंपाकघरात शिरले. डावीकडचा ओव्हन काट्यावर दोनशे दाखवतो आणि आत असतात जेमतेम दीडशे. हात धुवायच्या बेसिनमध्ये बटाटे. साबण नाही.

स्वयंपाकी सार्जंट हेडन बेनन, चांगला माणूस. आठवडाभर प्राथमिक शाळेत दीडशे पोरांचं जेवण करतो, शनिवार-रविवार आमचं. तो म्हणाला, "मॅडम, डाव्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी त्याला तासभर जास्त देतो." मी म्हटलं, ओव्हनला स्वभाव नसतो, हेडन, थर्मोस्टॅट असतो. तो हसला.

मग कर्नल मॅथायस. आठवडाभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारून पुकारून त्यांना समोरच्याचं ऐकायची सवयच राहिलेली नाही. मी ओव्हन बदला म्हटलं. ते म्हणाले, "कॅप्टन हॉपकिन, तुमचा सल्ला नोंदवून घेतला आहे." म्हणजे काय, तर काही नाही. गावातलं कुठलंही स्वयंपाकघर मी एका सहीनं बंद करते, आणि ज्या स्वयंपाकघरात माझीच माणसं जेवतात तिथे मी फक्त सल्ला द्यायचा. पोरं मला मागून 'संडासवाली कॅप्टन' म्हणतात, कारण शिबिरात चर कुठे खणायचे ते मी सांगते. तेवढं तरी ऐकतात.

माझ्याआधी याच हॉलमध्ये, याच कामावर, तुम्ही वीस वर्षं हे कसं सोसलंत?

तुमची,
मेलेरी

———

टेन्बी
२८ ऑक्टोबर

मेलेरी,

सोसलं नाही. ओरडलो. तुझ्याइतकंच निष्फळ. इटलीत असताना मी एका मेजरला सांगितलं होतं की विहिरीत मेलेली शेळी आहे. तो म्हणाला, पाण्याला चव चांगली आहे. आठवड्यानं अर्धी कंपनी आडवी झाली, मेजरसकट. त्यानंतर तो मला बघून सलाम करायचा. तुझ्या कर्नलला अजून शेळी भेटलेली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. आपलं काम दोषी शोधायचं नाही, कारण शोधायचं. लोक आजारी पडले की प्रत्येकाला हवा तो दोषी आधीच ठरलेला असतो. तुझा ओव्हन ठरलाय, हे तुझ्या अक्षरावरून दिसतंय.

मॅथायसचं पत्र आलंय. पंधरा डिसेंबरच्या नाताळच्या जेवणाला मला बोलावलंय, वाढायला. अधिकाऱ्यांनी जवानांना वाढायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर मागच्या खोलीत जेवायचं, ही आपली जुनी पद्धत. सगळ्यांत म्हाताऱ्या पाहुण्यानं पावाची परडी घेऊन फिरायचं. यंदा म्हातारा मी. तुझी मामी बेथन एप्रिलमध्ये गेल्यापासून या घरात माझ्याशी फक्त रेडिओ बोलतो, आणि तोही मला पुरता ऐकू येत नाही. स्वान्सीला बस बदलावी लागते, पण येणार म्हणजे येणार. कोट ब्रश करून दाराला टांगून ठेवलाय. अजून दीड महिना आहे हे मलाही माहीत आहे, हसू नकोस.

आयवर

———

पाँटगारू
२७ नोव्हेंबर

प्रिय मामा,

शनिवारी वरून तपासणी झाली. तीन आठवडे आधी तारीख कळवून! मी चिप्सवाल्याला असं कळवलं असतं तर त्यानं उंदरांना मावशीकडे पाठवलं असतं.

तर मधल्या काळात काय झालं ते ऐका. भिंती रंगवल्या. बेसिनमधले बटाटे हलवले आणि तिथे साबणाची नवी वडी ठेवली, कागदासकट. आणि डाव्या ओव्हनच्या दाराला चार जवानांनी दोन संध्याकाळी बुटाचं काळं पॉलिश लावून इतकं चमकवलं की त्यात माझा चेहरा दिसला. आतला थर्मोस्टॅट तसाच. वरून आलेले ब्रिगेडियर ओव्हनसमोर उभे राहिले, स्वतःच्या मिशा बघितल्या आणि म्हणाले, "उत्तम." माझ्या तपासणीच्या फाइलमध्ये आता 'उत्तम' असा शेरा आहे.

मी तिसरं लेखी पत्र दिलं. कर्नल म्हणाले, "नाताळचं जेवण होऊ दे, मग बघू." मी म्हटलं, साहेब, जेवणासाठीच तर म्हणतेय, एकशेअठरा माणसं आहेत. ते म्हणाले, "बेनननं आजवर कोणाला मारलंय का?"

मामा, मी वैतागलेय. मंगळवारी संध्याकाळी घरी बसून विणकाम केलं तर निदान स्वेटर तरी होईल.

दाराला टांगलेल्या कोटाला माझा सलाम सांगा.

मेलेरी

———

पाँटगारू
१८ डिसेंबर

मामा,

झालं. मी म्हटलं होतं तेच झालं.

सोमवारी संध्याकाळपासून सुरुवात. आज सकाळपर्यंत एकशेअठरांपैकी एकेचाळीस. उलट्या, मग जुलाब. टपालखात्याचे तिघं, बसचे दोन ड्रायव्हर, आणि तो धिप्पाड ड्रमवाला, तो तर आईला हाका मारत होता म्हणे. कोणाच्या जिवाला धोका नाही, पण गावभर झालंय.

मी काल रात्रीपासून याद्या करतेय. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला एक कागद: कुठल्या टेबलावर बसलात, काय खाल्लंत, केव्हा त्रास सुरू झाला. एकेचाळीसपैकी तेहतीस जण तीन आणि चार नंबरच्या टेबलांवरचे. आणि हेडन स्वतःच म्हणाला, "डाव्या ओव्हनमध्ये भाजलेली टर्की तीनला आणि चारला गेली, मॅडम." बिचाऱ्यानं विचारायच्या आधी सांगितलं. मामा, कबूल करते, ते ऐकून मला बरं वाटलं. लोक ओकतायत आणि मला बरं वाटतंय! पण तीन पत्रं, मामा. तीन पत्रं मी दिली होती.

तुम्ही कसे आहात? परडी घेऊन फिरताना काय खुलला होतात! पोरं तुम्हाला इटलीची शेळी परत परत सांगायला लावत होती. नंतर मी मागच्या खोलीत तुमचं ताट वाढून ठेवलं, तर कर्नल म्हणाले तुम्ही बससाठी निघूनही गेलात. पुढची बस होती की हो. न जेवता कशाला गेलात?

घाईत,
मेलेरी

———

टेन्बी
२० डिसेंबर

मेलेरी,

पत्र मिळालं. वाईट झालं. पोरांना मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं द्यायला सांग.

टर्कीवर लगेच जाऊ नकोस. दुपारी बाराला जेवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं, म्हणजे तीस तास. उलट्या जास्त. प्रयोगशाळेचं येऊ दे.

मी बरा आहे. प्रवासानं दमलो होतो, इतकंच. नाताळला तुझ्या आईकडे यायचं जमणार नाही. थंडी फार आहे.

आयवर

———

पाँटगारू
५ जानेवारी १९९७

प्रिय मामा,

नाताळला आला नाहीत, आई फुगून बसली होती. तुमच्या वाटचं पुडिंग तिनं तुमच्यावरचा राग म्हणून स्वतः खाल्लं.

आता ऐका, आणि बसून ऐका. मी तेवीस तारखेला अहवाल दिला. त्यात लिहिलं: संभाव्य कारण, डाव्या ओव्हनमधलं अपुरं शिजलेलं मांस, ओव्हनबद्दल तीनदा लेखी कळवलं होतं. कर्नलनी तो वाचला, त्याचा अर्ध्या पानाचा गोषवारा केला आणि पुढे पाठवला. त्या अर्ध्या पानात ओव्हन नाही. माझी तीन पत्रं नाहीत. उरलंय काय? 'स्वयंपाक्याने मांस शिजल्याची खात्री केली नाही.' मी लिहिलेल्या दोन पानांतून ज्याचा काही दोष नव्हता तेवढा माणूस त्यांनी बरोबर वेचून काढला.

आणि तो कागद गेला कुठे? हेडन शाळेत पोरांना जेवू घालतो, म्हणून नगरपालिकेत. म्हणजे माझ्याच कचेरीत! गणवेशात मी लिहिलेलं पुढच्या सोमवारी माझ्याच टेबलावर आलं. वरिष्ठ म्हणाले, "तू यात दोन्हीकडून आहेस, तेव्हा लांब राहा." उद्या शाळा उघडतेय, आणि हेडनला येऊ नकोस असं कळवलंय. बावीस तारखेला त्याची चौकशी आहे. त्यात त्याची नोकरी जाईल, मामा. जवानांना विष घातलेल्या माणसाला दुसरं कुठलं स्वयंपाकघर घेणार?

प्रयोगशाळेचं उत्तर परवा आलं. सॅल्मोनेला, म्हणजे कच्च्या मांसातून येणारे जंतू, नाहीत. कुणातच नाहीत. कर्नल म्हणाले, नमुने उशिरा गेले असतील.

शुक्रवारी हेडन कचेरीत आला. बसला नाही. टोपी हातात धरून उभा.

"मॅडम, मी प्रत्येक पक्ष्यात थर्मामीटरचा काटा घातला होता. डावीकडचे सव्वा तास जास्त ठेवले. ऐंशीच्या वर होते सगळे."

"लिहून ठेवलंस का, हेडन?"

"शाळेत लिहितो. रोज. तिथे तुम्ही अचानक येता ना." मग म्हणाला, "हॉलमध्ये कोण मागतंय लिहिलेलं? तिथे पॉलिश मागतात."

मी वहीत ऐंशीचा आकडा लिहून घेतला.

"बाजारात पोरांच्या आया मला बघून पोरांचा हात धरतात," तो म्हणाला. "परवा एका पोरीनं हात सोडवून मला टाटा केला, तर आईनं तिला ओढली. मी अकरा वर्षं त्या शाळेत आहे. कोणत्या पोराला गाजर आवडत नाही तेसुद्धा मला पाठ आहे."

सॅल्मोनेला नसेल, तर टर्की नव्हे. टर्की नव्हे तर काय? मी एकशेअठरा कागद पुन्हा पुन्हा चाळतेय. ग्रेव्ही, बटाटे, कोबी, सगळ्यांनी सगळं खाल्लंय. मला काही दिसत नाही. तुम्ही चाळीस वर्षं हेच केलंत, काहीतरी सुचवा. सतरा दिवस आहेत.

मेलेरी

———

टेन्बी
८ जानेवारी

मेलेरी,

तू खाणाऱ्यांना विचारलंस. वाढणाऱ्यांना विचारलंस का?

तुझी यादी जेवायला बसलेल्यांची आहे. आपल्या पद्धतीत वाढणारे पंगतीत नसतात, म्हणून ते कुठल्याच कागदावर नाहीत. एखाद्याला आधीपासून त्रास होत असेल, तर त्याच्या हातून हे होऊ शकतं. हिवाळ्यातल्या उलट्या अशाच पसरतात. सॅल्मोनेला मिळणार नाहीच.

हे मला आधी लिहायला हवं होतं.

आयवर

———

पाँटगारू
१२ जानेवारी

मामा,

तुमच्या सल्ल्यानं माझी जी शोभा झाली ती आता सविस्तर वाचा.

वाढणारे! बरोबर आहे, मी मूर्ख, मी स्वतः वाढत होते आणि माझंच नाव यादीत घातलं नाही. नऊ जण होतो. आठ डिसेंबरपासून कोणाला काय झालं ते प्रत्येकाला विचारायचं ठरवलं. आणि तुम्ही 'एखाद्याला' असं लिहिलंत, तर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला. कर्नलनी पंचवीस वर्षांत एकही जेवण चुकवलेलं नाही, ते ताप अंगात घेऊनही येतील. तुम्हाला तेच सुचवायचंय, नाव घ्यायला संकोच वाटतोय, असं मी धरलं.

शुक्रवारी गुरांच्या बाजारात गेले. लिलाव चालू होता. मी मचाणाच्या पायरीवर चढून म्हटलं, एक मिनिट. त्यांनी मान वाकवली. मी हळूच विचारलं, "साहेब, जेवणाच्या आदल्या दिवशी तुम्हाला उलट्या-जुलाब होत होते का?" मामा, त्यांच्या कोटाला माइक लावलेला होता. चालू. अख्ख्या बाजारानं ऐकलं. एक शेतकरी ओरडला, "त्यांना होत असतील तर गाय स्वस्त द्या म्हणावं!" कर्नल लालबुंद. तिथल्या तिथे त्यांनी मला सांगितलं की त्यांना १९७९ पासून साधी सर्दीही झालेली नाही, आणि मंगळवारी गणवेशात त्यांच्यासमोर हजर व्हायचंय.

बाकीच्यांनाही विचारलं. पाद्रीबाबा ठणठणीत. दोन मेजर ठणठणीत, एकाचा गुडघा दुखत होता. सगळे ठीक. मी ठीक. आठ नावांपुढे विचारून खूण केली. नववं नाव तुमचं. तिथे न विचारता केली.

तर तुमचा सिद्धांत बुडाला, माझी नोकरी डळमळली, आणि हेडन आहे तिथेच आहे. दहा दिवस उरलेत. तुम्ही तिथे होतात, मामा. तुमची नजर अजून तीक्ष्ण आहे. कोणी पांढराफटक दिसत होता का, कोणी सारखं बाहेर जात होतं का, आठवून सांगा. कोडी घालू नका. मला कोडी सोडवायला वेळ नाही.

मेलेरी

———

टेन्बी
१४ जानेवारी

मेलेरी,

नववी खूण खोड.

शनिवारी, चौदा डिसेंबरला, दुपारपासून मला उलट्या होत होत्या. पाच वेळा झाल्या. संध्याकाळी थांबल्या. रविवारी सकाळी दाढी करताना पाय लटपटत होते. मी आरशातल्या माणसाला म्हटलं, थांबलं म्हणजे गेलं. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही मानलं नव्हतं. थांबल्यापासून अठ्ठेचाळीस तास अन्नाला हात लावायचा नाही, हे तुला मीच शिकवलं.

१९६८ साली डेअरीतली एक बाई मला अशीच म्हणाली होती, साहेब, कालच थांबलंय. विधवा होती, नवीनच लागली होती. मी तिला घरी पाठवली. दोन दिवसांनी तिच्या जागी दुसरी घेतली होती. मला तेव्हा वाटलं होतं, नियम म्हणजे नियम. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? ब्रश केलेला कोट चढवला आणि बस पकडली. स्वान्सीच्या स्टँडवर पुन्हा एकदा झाली. तिथूनही परत फिरता आलं असतं.

परडी तीन आणि चार नंबरला माझ्याकडे होती. चिमटा दिला होता त्यांनी. हात थरथरत होता, पाव चिमट्यातून निसटत होता, पोरं ताटं पुढे करून खिदळत होती. मी चिमटा खिशात टाकला आणि हातानं पाव दिले. हात धुतले होते. कागदातली ती नवी वडी मीच फोडली. पण एवढ्यानं भागत नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तुझं अठरा तारखेचं पत्र उघडलं तेव्हाच सगळं कळलं. टेबलांचे नंबर वाचले आणि मी खुर्चीत बसलो. वीस तारखेला तुला जे लिहिलं ते त्यानंतर लिहिलंय. मला वाटलं, ओव्हनवर जाईल, ओव्हन बदलतील, कोणाचं काय बिघडतंय. हेडनचं तू लिहिलंस तेव्हाही मी धड सांगितलं नाही. वाढणाऱ्यांना विचार म्हटलं. वाटलं, तू मला विचारशील आणि मग मी सांगेन. तू विचारलंच नाहीस. हा दोष तुझा नाही. विचारल्याशिवाय न सांगणारा मी होतो.

का गेलो, हे विचारू नकोस. महिनाभर त्या एका दिवसाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

हे पत्र तू हवं त्याला दाखव.

आयवर

———

पाँटगारू
१७ जानेवारी

मामा,

दोन दिवस उत्तर धाडलं नाही कारण लिहिलेलं प्रत्येक पत्र फाडावं लागलं. हे चौथं.

मला तुमचा राग आलाय. उलट्यांचा नाही, त्या कोणालाही होतात. कोट घालून आलात त्याचाही आता फारसा नाही. पण चार आठवडे! हेडन माझ्यासमोर टोपी चुरगाळत उभा होता आणि तुम्हाला कारण माहीत होतं. तुम्ही मला कोडं घातलंत आणि मी बाजारभर हसं करून घेतलं. मी लहानपणापासून एकाच माणसाकडे बघून हे काम शिकले, आणि त्याच माणसानं मला खोटं लिहिलं, 'मी बरा आहे.'

हे लिहून झाल्यावर माझंही लिहिते. कर्नल दोषी निघावेत असं मला वाटत होतं. आधी ओव्हन, मग ते स्वतः. मला माझ्या तीन पत्रांचा सूड हवा होता, म्हणून टर्कीवर उडी मारली. मी ते पहिलं कारण अहवालात लिहिलं नसतं, तर हेडनच्या नावाचा कागद निघालाच नसता. हे मी सुधारलेल्या अहवालात लिहिलंय, तुमच्या नावाच्या खालीच.

हो, तुमचं नाव आहे. वाढपी क्रमांक नऊ, वय शहात्तर, लक्षणं आदल्या दिवसापासून. आई गेले दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. "एवढं आयुष्य स्वच्छ घालवलं त्यानं आणि तू त्याच्या नावानं हे लिहिणार?" म्हणाली. मी म्हटलं, त्यांनीच शिकवलंय. त्यावर तिनं दार आपटलं.

मंगळवारच्या हजेरीला कर्नल परगावी गेले होते, म्हणून काल हजर झाले. माइकचं माफ केलं त्यांनी, स्वतःच हसले. मग अहवाल वाचला आणि हसू गेलं. "आयवरचं वय झालंय. त्याला नीट आठवत नसेल." मी तुमचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, "ज्या माणसानं या हॉलला वीस वर्षं दिली, त्याचं नाव मी असल्या कागदावर पुढे पाठवणार नाही." मी म्हटलं, "आणि बेननचं पाठवलंत ते?" ते म्हणाले, "बेनन तरुण आहे. त्याला दुसरं काम मिळेल."

मामा, ते तुमच्यावरच्या प्रेमानं बोलत होते. तेच जास्त वाईट आहे.

सुधारलेला अहवाल त्यांच्या खणात पडलाय आणि तिथेच राहणार. नगरपालिकेत मी बोलायचं नाही असं मला लेखी बजावलंय. तुमचं पत्र मी दिलं तर म्हणतील भाचीनं मामाकडून लिहून घेतलं. बुधवार, बावीस तारीख, सकाळी दहा, नगरपालिकेची इमारत, पहिला मजला. जिना आहे, लिफ्ट नाही. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

मेलेरी

———

टेन्बी
२३ जानेवारी

मेलेरी,

मंगळवारीच येऊन स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो, सकाळी बस चुकायला नको म्हणून. तुझ्याकडे आलो नाही. तू दोन्हीकडून आहेस, आणि तुझी आई तिसरीकडून.

दहाला वर पोचलो. जिना चढताना दोनदा थांबलो. खोलीत दोन बायका आणि एक पुरुष टेबलामागे, हेडन एका बाजूला, लग्नातला असावा असा सूट घालून. त्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, नसणारच, मी बोलावलेला नाही, पण पाव मी वाढले. तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं.

मला ऐकू येईना. मधल्या बाईंनी दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा ओरडून विचारलं, "तुम्हाला आदल्या दिवशी उलट्या होत होत्या का?" मी म्हटलं, हो. त्या ओरडल्या, "किती?" मी म्हटलं, पाच, आणि स्वान्सीला एक. दार उघडं होतं. कॉरिडॉरमध्ये घरपट्टी भरायला आलेली माणसं आत बघू लागली. त्यांतल्या निम्म्यांच्या दुकानांत कधीतरी मी वही घेऊन शिरलो असेन. "तुम्हाला नियम माहीत होता का?" असंही त्यांनी ओरडून विचारलं. मी म्हटलं, बाई, या गावात तो मीच लावला.

हेडन सोमवारपासून शाळेत जाईल. त्यांनी तिथेच सांगितलं आणि हेही म्हणाले की कागदावरून नाव निघेल. मॅथायसला मी काल फोन केला. तो काय बोलला ते नीट ऐकू आलं नाही, मी काय बोललो ते त्याला आलं असावं. खणातला कागद पाठवतो म्हणाला, किंवा पाठवणार नाही म्हणाला. तू बघ.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

हेडन माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत आला. मी नको म्हटलं, तरी आला, माझी पिशवी घेऊन. स्टँडवर मी माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे. पण बायकोला भेटू नका इतक्यात. तिनं तुमच्यासाठी काही शब्द काढून ठेवलेत." मग बाकावर बसला आणि एकदम म्हणाला, "एक विचारू? जेवण कसं झालं होतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं कानाजवळ येऊन पुन्हा विचारलं. म्हणाला, "चार दिवस खपत होतो. टर्कीच्या आत चेस्टनट भरले होते, आजीच्या पद्धतीनं. मॅडमनी सगळ्यांना विचारलं काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा ओकलात. कसं झालं होतं ते मला कोणीच सांगितलं नाही."

मेलेरी, छान झालं होतं असं म्हणायला काय लागत होतं? तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, हेडन, मी एक घासही खाल्ला नव्हता. खाण्यासारखा नव्हतोच मी त्या दिवशी. तो "बरोबर आहे" म्हणाला. बस आली, त्यानं पिशवी वर चढवून दिली.

तू नंतर मागच्या खोलीत जेवली होतीस. गणवेश घालू नकोस, वही नेऊ नकोस. त्याच्या घरी जा आणि त्याला सांग, टर्की कशी झाली होती.

मामा